केबिन बॅग घेताय? ‘एअरलाइन अप्रूव्ड’च्या नावाखाली काय चाललंय ते वाचा आधी

इन्स्टावर एक जाहिरात फिरतेय. लोखंडी चौकटीत एक ट्रॉली बॅग अलगद जाऊन बसते, मागे विमानतळासारखं काहीतरी दिसतं आणि वर मोठ्या अक्षरात ‘सर्व एअरलाइन्समध्ये मान्य, १०० टक्के केबिन अप्रूव्ड’. किंमत ११,९९९ खोडून २,४९९, खाली उलटं चालणारं घड्याळ आणि ‘फक्त ३ शिल्लक’. या लोकांनी आमच्याकडून बॅगेचे पैसे घेतले, वर विमानतळावर भुर्दंड बसला तो वेगळाच, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. साइटचं नाव लिहीत नाहीये कारण नाव ते बदलत राहतात, व्हिडिओ मात्र तोच असतो, त्यामुळे नाव नाही तर पद्धत लक्षात ठेवा.

आई, बाबा आणि मी, तिघं मे महिन्यात पुण्याहून दिल्लीला ताईकडे जाणार होतो. मे महिना म्हणजे देवगडच्या दोन पेट्या आल्याच, शिवाय ताईच्या मागणीची एक मोठी बॅग, पापड, मसाला, मेतकूट, आईने नातवासाठी शिवलेली गोधडी. आपल्याकडे देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुतेक ठिकाणी माणशी १५ किलो आणि एकच नग चेक-इनमध्ये जातो. म्हणजे तिघांचे तीन नग तिथेच संपले. कपडे केबिन बॅगेतच न्यायचे हे आधीपासून ठरलेलं, आणि म्हणूनच बॅग मापाची हवी होती. इंडिगोचं माप ५५ बाय ३५ बाय २५ सेंमी आणि वजन ७ किलो. साइटवर नेमकं तेच माप लिहिलेलं, आणि मी मुद्दाम खाली स्क्रोल करून बघितलं तर ‘ओव्हरऑल साइज, चाकं आणि हँडल धरून’ असंही स्वच्छ लिहिलं होतं, वजन फक्त २.३ किलो. मग अजून काय बघायचं असतं माणसाने? रंग कुठला घ्यायचा म्हणून त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाकला, आईने निळा सांगितला, कार्डने पैसे भरले. तो ग्रुप बघून मावशीनेही तीच बॅग मागवली, तिने कॅश ऑन डिलिव्हरी. हे दोन तपशील पुढे महत्त्वाचे आहेत.

बॅग आली, दिसायला झकास. पुढे एक चकचकीत पत्र्याची पट्टी, ‘केबिन अप्रूव्ड’. हँडलला एक पुठ्ठ्याचा टॅग, त्यावर विमानाचं चित्र आणि ‘आयाटा स्टँडर्ड’ (आयाटा म्हणजे विमान कंपन्यांची जागतिक संघटना). कुलूपावर तो लाल चौकोन असतो ना तो.

विमानतळावर चेक-इनला पेट्या गेल्या, मोठी बॅग गेली, आणि काउंटरवरच्या मुलीने ट्रॉलीकडे बघून सांगितलं की ही जरा साइझरमध्ये, म्हणजे बॅग मापात बसते का बघायच्या चौकटीत, ठेवून बघा. ठेवली. चाकं वर करून ठेवली, आडवी करून ठेवली, बाबांनी गुडघा लावून दाबली, चाकांचा भाग वर राहतोच. बाबा म्हणाले, “अहो पण यावर लिहिलंय बघा अप्रूव्ड.” ती बिचारी शांतपणे म्हणाली, “काका, आम्ही कुठल्याच बॅगेला असं अप्रूव्हल देत नाही, हल्ली बरेच जण हीच पट्टी दाखवतात.” वजन केलं तर ते पण जास्त भरलं. नग जास्त झाला म्हणून जे पैसे भरावे लागले ते बॅगेच्या किमतीच्या जवळपास गेले. त्या मुलीची यात काही चूक नव्हती, ती नियमाने वागली आणि आवाज न चढवता वागली, हे सांगायलाच हवं.

दिल्लीला पोचल्यावर बाबांनी पहिलं काम काय केलं असेल तर ताईच्या सासऱ्यांकडून मेजर टेप मागून घेतली. जमिनीपासून वरच्या मुठीपर्यंत ५९ सेंमी. रुंदी ३८. जाडी २७, आणि ही एक्सपांडरची, म्हणजे बॅग फुगवायची, चेन बंद असताना. बेरीज १२४, हवी होती ११५. रिकामी बॅग वजनकाट्यावर ३.७ किलो. म्हणजे बघा, ७ किलोतले जवळजवळ पावणेचार किलो बॅगच खाते, कपड्यांना उरले सव्वातीन. माप सगळ्यांना दिसतं, वजनाची थाप कुणी तपासत नाही, आणि माझ्या मते जास्त माणसं त्या थापेत अडकत असणार.

आता त्यांची ट्रिक काय ते नीट सांगतो. मी नंतर बाजीराव रोडला एका ओळखीच्या बॅगवाल्याकडे जाऊन बसलो होतो तेव्हा त्याने दाखवलं. ट्रॉलीचं माप दोन प्रकारे सांगता येतं, एक नुसत्या खोक्याचं, म्हणजे बॅगेच्या धडाचं, आणि एक चाकं, मूठ, सगळं धरून. चार चाकं म्हणजे सहज चार-पाच सेंमी. त्यात धंद्यात बोलतात इंचात, वीस इंची, बावीस इंची, आणि तो आकडा कुणी खोक्याचा धरतो, कुणी पूर्ण बॅगेचा. विमान कंपनी मात्र नेहमी सगळं धरून मोजते. खोक्याचं माप लिहून खाली ‘खोक्याचं माप’ असं सांगितलं तर ती चलाखी म्हणू, पण खोक्याचं माप लिहून ‘चाकं धरून’ असं लिहिलं तर ती सरळ सरळ फसवणूक आहे. आमच्या बाबतीत दुसरा प्रकार झाला.

आणि ‘सर्व एअरलाइन्समध्ये मान्य’ हे तर मुळातच थोतांड. हे मला पण इतकं माहीत नव्हतं, मापं शेजारी शेजारी लिहून काढल्यावर कळलं. इंडिगो ५५ बाय ३५ बाय २५. एअर इंडिया ५५ बाय ४० बाय २०. दोन्हीची बेरीज ११५च, पण आकार वेगळा! २५ सेंमी जाडीची बॅग एकीकडे चालते ती दुसरीकडे कागदोपत्री बसत नाही, आणि ४० रुंदीची उलट. दोन्हीकडे बिनघोर चालायची तर ५५ बाय ३५ बाय २० हवी, म्हणजे दोन्हीपेक्षा लहान. गंमत म्हणजे त्या टॅगवरच्या आयाटानेच जून २०१५ मध्ये अगदी हेच ५५ बाय ३५ बाय २० माप पुढे आणून ‘केबिन ओके’ असा शिक्का बॅगांवर लावायची योजना जाहीर केली होती. अमेरिकेत लोकांनी एवढा आरडाओरडा केला, की आमच्या आहेत त्या बॅगा फेकून नव्या घ्यायच्या का, की आठ-दहा दिवसांत योजना थांबवली. म्हणजे ज्यांना खरंच असा शिक्का काढायचा होता त्यांनाही जमलं नाही, आणि हे इन्स्टावाले पुठ्ठ्यावर छापून देतायत.

परदेशात जाणाऱ्यांचं तर अजून अवघड. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या २२ बाय १४ बाय ९ इंच म्हणतात, म्हणजे साधारण ५६ बाय ३६ बाय २३ सेंमी, आपल्या ५५ पेक्षा एका सेंमीने उंच. लुफ्तान्सा ५५ बाय ४० बाय २३ आणि ८ किलो. युरोपात शिकायला गेलेली आपली मुलं रायनएअरने फिरतात, तिथे फुकटात सीटखाली मावेल एवढीच बॅग, ४० बाय ३० बाय २०, आणि हे पण २०२५ मध्ये वाढवलेलं माप, आधी ४० बाय २५ बाय २० होतं. चाकाची ट्रॉली तिथे फुकटात विसराच. आता या सगळ्यात एकच बॅग ‘१०० टक्के मान्य’ कशी असेल तुम्हीच सांगा.

तो कुलूपावरचा लाल चौकोन, त्यालाही विक्रेते ‘इंटरनॅशनल अप्रूव्ड’ म्हणून मिरवतात. ते टीएसए कुलूप. अर्थ एवढाच की अमेरिकेतल्या सुरक्षा तपासणीवाल्यांकडे त्याची मास्टर किल्ली असते, चेक-इनची बॅग उघडायची झाली तर कुलूप फोडावं लागत नाही. बॅगेच्या मापाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. पुणे-दिल्लीला तर काही उपयोगच नाही.

परत पैसे मागितले तेव्हा खरे रंग दिसले. आधी उत्तरच नाही. मग चॅटवर ‘सर जी, ५५ बॉडी साइज आहे, व्हील्स सोडून, हे इंडस्ट्री स्टँडर्ड आहे’. मी म्हटलं तुमच्या पानावर चाकं धरून लिहिलंय. त्यावर त्यांनी पानाची लिंक पाठवली, उघडतो तर काय, ती ओळच गायब! गुपचूप बदलली होती. पण माझ्याकडे ग्रुपवरचा तो निळ्या-काळ्या रंगाचा स्क्रीनशॉट होता, तारखेसकट. तो टाकल्यावर सूर बदलला, आता म्हणे बॅग वापरलीत, टॅग तुटलाय, सात दिवस उलटून गेलेत, हवं तर पुढच्या खरेदीवर १० टक्के कूपन देतो. पुढची खरेदी, यांच्याकडून! आई एवढी हसली.

इथे बरेच जण सोडून देतात, आणि त्यावरच यांचा धंदा चालतो. सोडू नका. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम २०२० मध्ये आले, त्यात सरळ आहे की जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे वस्तू नसेल तर विक्रेता परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाली काढायची. ‘आमची पॉलिसी अशी आहे’ हे त्याच्यापुढे चालत नाही. मी दोन गोष्टी एकदम केल्या. कार्डच्या बँकेकडे डिस्प्यूट टाकला, म्हणजे हे पैसे परत मिळावेत अशी तक्रार केली, सोबत जुना स्क्रीनशॉट, बदललेलं पान, टेप लावलेले फोटो, काट्यावरच्या वजनाचा फोटो आणि चॅट. आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली. बँकेने बरेच फॉर्म भरून घेतले पण शेवटी पैसे परत आले. विमानतळावरचे गेले ते गेलेच.

मावशीचं मात्र अडकलंय. कॅश ऑन डिलिव्हरी सेफ असं आपल्याकडे सगळे समजतात, वस्तू बघून पैसे द्यायचे म्हणून. पण कुरिअरवाला खोकं उघडू देत नाही, पैसे हातात पडल्यावरच देतो, आणि नंतर डिस्प्यूट टाकायला बँकच मध्ये नसते. तिच्या खोक्यावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, कुठल्या देशात बनलं ते नाही, नुसता एक मोबाईल नंबर, तो बंद. पॅक केलेल्या मालावर हे सगळं छापणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे खोकं फेकू नका, तो पण पुरावाच आहे. तिने आता ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार टाकायचं ठरवलंय. २०१९च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात टाकता येते, विक्रेता कुठलाही असो, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. अडचण एकच, नोटीस पाठवायला पत्ता लागतो आणि इथे पत्ताच नाही. म्हणून म्हणतो, पैसे भरायच्या आधी साइटच्या तळाशी कंपनीचं पूर्ण नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव आहे का बघा, नसेल तर कितीही स्वस्त असो, बंद करा ते पान.

अजून एक. मावशीने चिडून त्या जाहिरातीखाली कमेंट टाकली तर तासाभरात ‘रिफंड डिपार्टमेंट’मधून फोन, पाठोपाठ व्हॉट्सअॅपवर एक एपीके फाइल (म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून थेट फोनमध्ये टाकायचं अॅप), हे इन्स्टॉल करा म्हणजे पैसे लगेच येतील. नशीब तिचा मुलगा शेजारीच होता. असले लोक चिडलेल्या गिऱ्हाइकांच्या कमेंट्सवर टपून असतात. पैसे परत घ्यायला कुठलंही अॅप लागत नाही, पिन तर मुळीच लागत नाही. इन्स्टॉल झालंच आणि पैसे गेले तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन.

घरी बॅग मोजायची सोपी रीत त्या बॅगवाल्याने सांगितली ती अशी. बॅग आधी ठासून भरा, कारण रिकामीचं माप फसवं असतं, पुढचा कप्पा भरला की पोट सुटतं. भिंतीला टेकवून उभी करा, वर पाट आडवा ठेवा आणि जमिनीपासून पाटापर्यंत मोजा. वजनाला स्वतः काट्यावर उभं राहायचं, मग बॅग घेऊन, वजाबाकी करायची. आणि हे बॅग आल्याच्या दिवशीच करा, टॅग न तोडता, खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढून, परतीची मुदत तेव्हापासूनच चालू होते. दुकानातून घेणार असाल तर टेप खिशात घेऊन जा, दुकानदाराने नाक मुरडलं तर पुढच्या दुकानात जा, लक्ष्मी रोडला बॅगांच्या दुकानांची काही कमी नाही. मी शेवटी तशीच घेतली, कापडी, दोन चाकी, चाकं अर्धी आत बसवलेली, ५४ भरते आणि वजन सव्वादोन किलोच्या आत. दिसायला अगदी साधी आहे, ताई हसते तिला.

परवा तोच चौकटीचा व्हिडिओ परत दिसला, वेगळं नाव, वेगळा लोगो, बॅग आता हिरवी, ‘फक्त ३ शिल्लक’ तसंच. तुम्हाला दिसला तर जाहिरातीच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर दाबून रिपोर्ट करा, आणि पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, मावशीच्या तक्रारीला जोडायला कामाला येईल.