नऊ महिने पुन्हा विद्यार्थिनी: लँडस्केपचा ऑनलाइन अभ्यासक्रम सोलापुरात बसून केला, त्याचा अनुभव

गेल्या जूनमध्ये मी लँडस्केप आर्किटेक्ट, म्हणजे बागा, आवारं, मोकळ्या जागा आखणाऱ्यांसाठीच्या एका ऑनलाइन व्यावसायिक शिक्षणक्रमाची वर्षाची वर्गणी भरली. संस्था अमेरिकेतली, फी डॉलरमध्ये. बँकेचे चार्जेस धरून ४५ हजारांच्या आसपास गेले. आता मार्च संपतोय. 'घेऊ का गं ताई?' असे इतके फोन आले की एकदा नीट लिहूनच काढते.

मी पुण्यात शिकले आणि १४ वर्षांपूर्वी सोलापूरला परत आले. सात रस्त्याजवळ ऑफिस आहे. बंगले, शाळांची मैदानं, चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यांची आवारं अशी कामं असतात. पुण्यात असताना ड्रॉइंग टेबलावर पसरलं की चार जण वाकून बघायचे, शंका काढायचे, भांडायचे. इथे या विषयावर बोलायला माणूस नाही. क्लायंट फुलांच्या रंगावर बोलतो, कॉन्ट्रॅक्टर रेटवर. १४ वर्षांत माझ्या ड्रॉइंगमधल्या एकाही लेव्हलला, म्हणजे जमिनीच्या ठरवलेल्या उंचीला, कुणी 'ही अशी का?' म्हणून विचारलं नव्हतं, आणि ते मला आतून खात होतं. फी भरली ती त्यासाठी.

प्रमाणपत्रासाठी कुणी घेणार असेल तर आधीच सांगते. अमेरिकेत लँडस्केप आर्किटेक्टचा परवाना राज्य सरकार देतं आणि बऱ्याच राज्यांत तो चालू ठेवायला ठरावीक तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. त्यातही आरोग्य, सुरक्षितता आणि लोककल्याण या विषयांच्या तासांना वेगळं वजन असतं. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याखाली नोंदणी होते ती आर्किटेक्टची. लँडस्केपसाठी वेगळी सनद नाही. त्यामुळे माझ्या खात्यात जमलेले तास सोलापुरात मला कुणी विचारलेले नाहीत, विचारणारही नाहीत. त्या कागदावर फी वाढवून मिळत नाही.

आता मातीबद्दल. माझ्या मते अर्धी फी या एका भागात वसूल झाली.

एका शाळेच्या अंगणात मी पेव्हर ब्लॉक घातले होते. दुसऱ्या वर्षी ते भिंतीकडे वर आले आणि गेटकडे खचले. कॉन्ट्रॅक्टरने दबाई नीट केली नाही असं मी धरून चालले होते, त्याच्याशी कडक बोललेही होते. अभ्यासक्रमात फुगणाऱ्या मातीवर चार तासांचा भाग आहे आणि त्यातला गृहपाठ असा, की आपापल्या साइटची माती स्वतः तपासायची. आपल्याकडे त्याची चाचणी आयएस २७२० या भारतीय मानकाच्या ४० व्या भागात दिलेली आहे. कॉलेजात ती एका ओळीत वाचली होती, हाताने कधी केली नव्हती. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली वाळकी माती १०-१० ग्रॅम घ्यायची, १०० मिलिलिटरच्या दोन नळ्यांत टाकायची, एकीत पाणी आणि एकीत रॉकेल भरायचं, हवेचे बुडबुडे ढवळून काढायचे आणि २४ तास हलवायचं नाही. रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींतला फरक भागिले रॉकेलातलं आकारमान, त्याचे टक्के काढायचे. रॉकेल शोधायलाच मला दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडलं तर रॉकेलातली माती ११ मिलिलिटरवर आणि पाण्यातली २० वर. म्हणजे ८२ टक्के फुगवटा.

आपली जमीन काळी आहे, उन्हाळ्यात भेगा पडतात, हे कुणाला माहीत नाही? पण त्या दोन नळ्या शेजारी शेजारी बघितल्यावर मला अंगणातली चूक दिसली. माती नुसती ओली राहिली तर फार बिघडत नाही, नुसती कोरडी राहिली तरी नाही. ओलं आणि कोरडं हा फेरा फरशीच्या खाली चालू राहिला की ती हलते. माझ्या ड्रॉइंगमध्ये भिंतीला लागून लॉन होतं, त्यावर रोज पाणी. गेटकडे गाड्या लावायची जागा, तिथे थेंब नाही. मधली फरशी दोघांच्या ओढाताणीत सापडली. दबाई कितीही केली असती तरी हेच झालं असतं. मी त्या कॉन्ट्रॅक्टरला फोन करून तसं सांगितलं.

त्या शाळेतल्या माळीमामांना नळ्यांचा फोटो दाखवला. ते म्हणाले, "भिंतीकडची माती कधी वाळतच न्हाई मॅडम, अन् गेटाकडची भिजत न्हाई. मी तवाच म्हनलो होतो की, पानी कुठं जायलंय ते बघा." म्हणाले होते, खरंच. आता नव्या साइटवर मापं घेण्याआधी मी तिथल्या माळ्याबरोबर एक फेरी मारते, आणि वाफसा (ओली माती निथळून कामाजोगी होणं) कुठे लवकर येतो, कुठे उशिरा, ते त्याच्याकडून नकाशावर मांडून घेते. फरशीच्या कडेला रोज पाणी लागणारं काही ठेवत नाही. काळी माती उथळ असेल तिथे मुरूम लागेपर्यंत काढून टाकते. खोल असेल तिथे न फुगणाऱ्या मुरमाचा जाड थर थराथराने दाबून घेते आणि हा खर्च पहिल्या दिवशीच क्लायंटपुढे ठेवते.

याच भागात पानं पिवळी पडण्याचं कोडंही सुटलं. एक्झोरा या शोभेच्या झुडपाची पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या, असं आपल्या चुनखडीच्या जमिनीत सर्रास दिसतं. मी पाणी वाढवायला सांगायचे. मातीचा सामू (पीएच) ८ च्या वर गेला की लोह मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही, आणि पाणी वाढवलं की ते आणखीच अवघड होतं. एक्झोरा मी आता यादीतून काढलाच आहे.

पाण्याचा भाग चांगला आहे, पण तिथली चिंता पावसाचं पाणी साइटबाहेर सुखरूप कसं काढायचं ही. आपली चिंता ते आत कसं ठेवायचं ही. आकडेमोड मात्र दोन्हीकडे सारखीच. वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया सोडला तरी १०० चौरस मीटरच्या गच्चीवरून ४८ हजार लिटर पाणी मिळतं. नळाला रोज पाणी न येणाऱ्या आपल्या शहरात हा आकडा क्लायंटला बरोबर समजतो. गेल्या पाच महिन्यांत तीन बंगल्यांना टाक्या घ्यायला लावल्या.

झाडांच्या भागाने मात्र माझी निराशा केली. तिथे झाडांची निवड शिकवतात ती थंडीच्या पट्ट्यांवरून. अमेरिकेच्या नकाशात असे १३ पट्टे आहेत आणि ते ठरतात हिवाळ्यातल्या सर्वांत कमी तापमानावर. सोलापुरात झाड थंडीने मरत नाही. ते मरतं एप्रिल-मेमध्ये, ४३-४४ अंशांत, सप्टेंबरात साठलेली ओल संपल्यावर. आम्हाला पट्टे आखायचे तर माती किती खोल आहे आणि शेवटच्या पावसानंतर किती महिने ओल धरते यावर आखावे लागतील. हे मी चर्चेत दोनदा मांडलं. उत्तर नम्र होतं, पण पुढचा पाठ पुन्हा त्याच नकाशाने सुरू झाला. 'कोरड्या प्रदेशातली झपाट्याने वाढणारी झाडं' म्हणून एका पाठात कोनोकार्पस दाखवला, तेव्हा मला राहवलं नाही. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे, हे लिहून पाठवलं. पाठ अजून तसाच आहे. फी भरणाऱ्याने एवढी अपेक्षा करायला हरकत नसावी, की दाखवून दिलेली चूक दुरुस्त होईल.

जुन्या झाडांच्या संरक्षणाचा पाठ चांगला आहे. बांधकाम सुरू होण्याआधी झाडाच्या फांद्यांच्या घेराइतकं कुंपण घालायचं आणि त्याच्या आत वाळू, खडी, गाडी काहीही येऊ द्यायचं नाही. होटगी रोडवरच्या एका साइटवर जुना कडुनिंब आहे, तिथे मी हे पहिल्यांदा टेंडरमध्येच लिहिलं. पण आपल्या राज्याच्या झाडांच्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि ५० वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण मिळालं, हे तुम्हाला तिथे कोण सांगणार? कायद्याची बाजू इथेच शिकावी लागते.

सगळ्यात मोलाचं म्हणजे महिन्याची समीक्षा. आपलं एक ड्रॉइंग लावायचं आणि दोन अनुभवी लोक त्यावर २० मिनिटं बोलतात. वेळ आमच्या संध्याकाळी साडेसातची. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, त्यामुळे ती साडेआठ झाली. त्याची सूचना आली नाही आणि माझी पाळी हुकली. ती डिसेंबरात मिळाली. नंतर घेणाऱ्यांनी ही तारीख लिहून ठेवा.

जानेवारीचा विषय होता सार्वजनिक मोकळी जागा. मी होम मैदान घेतलं. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा, सात नंदीध्वजांची मिरवणूक, मैदानावरचा होमप्रदीपनाचा सोहळा, गड्ड्याचे, म्हणजे तिथल्या जत्रेचे, पाळणे आणि दुकानं. नेमकं सादरीकरण त्याच आठवड्यात आलं. दिवसा मैदानावर फिरून स्केच करायची आणि रात्री ते शीटवर चढवायचं, असं चाललं होतं. एका समीक्षकांचं पहिलं मत असं, की एवढी मोठी मोकळी जागा वर्षभर रिकामी ठेवणं बरोबर नाही, मधोमध झाडी आणि चौक करा. मी सांगितलं, ही जागा रिकामी आहे म्हणूनच यात्रा भरते. तिचं रिकामं असणं हेच तिचं काम आहे. उंच नंदीध्वज उभे धरून चालणाऱ्यांच्या वाटेत एक फांदीही आडवी येता कामा नये. त्यांनी ते मान्य केलं आणि मग विचारलं, "बाकीच्या साडेअकरा महिन्यांत दुपारी एक वाजता नातवाला घेऊन आलेली आजी इथे कुठे थांबते?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. लहानपणापासून मी त्या मैदानावर जाते, पण दुपारी एकला तिथे कधी उभी राहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी गेले. लोक भिंतीच्या हातभर सावलीत पाठ टेकून ओळीने उभे होते. मग मी मधल्या मैदानाला हात न लावता फक्त कड रेखाटली: पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाजूला कडुनिंब आणि करंजाची दुहेरी रांग, खाली दीड फूट उंचीचा सलग कट्टा, मिरवणूक येते तिथे रांग तोडलेली, आणि मुलाची गाडी किंवा व्हीलचेअर चढवायला १ ला १२ चा उतार. हे कुणी मागितलेलं काम नाही, बांधलं जाणार नाही हेही मला माहीत आहे. पण १४ वर्षांत केलेल्या कामातलं हे मला सगळ्यात आवडतं. असा एक प्रश्न मिळावा म्हणून माणसाने पैसे भरावेत, असं माझं मनापासून मत आहे.

तेव्हा घ्यावं कुणी? ज्यांच्या हातात चालू साइट आहे आणि शिकलेलं लगेच मातीत घालून बघता येईल, त्यांनी जरूर घ्यावं. नुकत्याच पास झालेल्यांनी थांबावं. आधी दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे एखाद्या साइटवर काढावेत, नाहीतर त्यांच्या झाडांच्या याद्या खऱ्या वाटायला लागतील. एकट्याने फी जड वाटत असेल तर निदान महिन्याची समीक्षा आपल्यातच सुरू करू. लातूर, धाराशिव, सांगलीकडचे कुणी तयार असतील तर मी दर महिन्याचा शेवटचा शनिवार रिकामा ठेवते.

एक प्रयोग अजून चालू आहे. गवताळ लागवडीच्या पाठातलं एकही गवत आपल्याकडचं नव्हतं, पण पद्धत पटली: एकेक रोप न निवडता एकत्र वाढणारा समूह निवडायचा. मग मी नान्नजचा माळ डोळ्यांपुढे आणला. माळढोकाचं अभयारण्य म्हणून आपण त्याचं नाव घेतो, पण माळ म्हणजे ओसाड, तिथे झाडं लावली पाहिजेत, असं अजूनही बहुतेकांना वाटतं. माळाचे पक्षी आणि काळवीट गवतावर जगतात, सावलीवर नाही. चिंचोळीतल्या एका आवारात लॉनऐवजी १० गुंठ्यांवर मारवेल आणि पवन्या पेरलं. कुसळी मुद्दाम टाळली, तिची कुसळं कपड्यांत शिरतात. पहिले दोन महिने गाजरगवत उपटण्यात गेले. ऑक्टोबरात गवत कमरेला लागलं, मुनिया थव्याने उतरायला लागल्या. आता ते वाळून सोनेरी झालंय आणि मालक म्हणतात, "मेलंय मॅडम, काढून टाका." मेलेलं नाही, मुळं जिवंत आहेत, परवाच उकरून बघितली. जूनपर्यंतची मुदत मागून घेतली आहे, तोवर पाणी द्यायचं नाही असं ठरलंय. वर्गणीही जूनमध्येच संपते. ती मी पुन्हा भरणार आहे, आणि पहिल्या समीक्षेला हेच १० गुंठे लावणार आहे.