हिंगणघाटचा प्राइस ॲक्शनचा क्लास, लावावा का?

गावातले पोरं विचारून राह्यले म्हणून लिहितो. शेअर बाजारात नुसती भावाची चाल पाहून सौदा कसा कराचा (यालेच प्राइस ॲक्शन म्हणतात) ते शिकवणारा हा क्लास दर रविवारी असते, फी ४००० रुपये. माझ्या मते पैसे वसूल आहेत, पण एका गोष्टीत क्लास लय कमी पडते, ते खाली सांगतो.

पहिल्याच दिवशी सरांनी सगळ्यायले चार्टवरचे आरएसआय, एमएसीडी, मूव्हिंग ॲव्हरेज हे सारे इंडिकेटर, म्हणजे इशारा देणाऱ्या रेषा, काढून टाकाले लावले. नुसत्या कँडल, म्हणजे ठरावीक वेळातला भाव दाखवणाऱ्या हिरव्या-लाल कांड्या, उरल्या. यूट्यूब पाहून आलेले काही जण नाराजच झाले, त्यायले बाय-सेलचे बाण पाहिजे होते. सर म्हणे, "हे सारं भावातूनच काढलेलं असते भाऊ, मंग आधी भावच पाहा ना." मले हे पटलं.

सगळ्यात कामाचं काय शिकवलं तं थांबणं. १५ मिनिटाची कँडल अर्धी असताना एवढी मोठी हिरवी दिसते का आता सुटलंच मार्केट असं वाटते, अन् बंद होता होता वर लांब शेंडी सोडून खाली येऊन बसते. यार्डात एखाद्या व्यापाऱ्यानं एका ढिगाले भाव चढवून बोलला म्हणून तो काई बाजारभाव होत नाही, मागचे ढीग कितीत उठले ते पाहावं लागते, तसंच आहे हे. म्हणून कँडल लेव्हलच्या (भाव आधी जिथं अडला तिथं ओढलेल्या रेषेच्या) वर बंद झाली का, अन् पुढची तिथं टिकली का, एवढंच पाहाचं. लेव्हल पण आधी वीकली, मंग डेली चार्टवर स्वतःच्या हातानं काढाची. हायर हाय, हायर लो (भावाचे वर वर सरकणारे शेंडे अन् तळ) कुठं तुटला ते वहीत लिहाले लावतात, हे मले लय आवडलं.

जून २०२४ चा निफ्टी पण दाखवला. ३ तारखेले लोकसभेच्या एक्झिट पोलच्या जोरावर नवा हाय, ब्रेकआउट (लेव्हल तोडून वर जाणं) एकदम दमदार, अन् ४ तारखेले निकालाच्या दिवशी जवळपास ६ टक्के खाली. चार्टले उद्याची बातमी माहीत नसते, हे सरांनी लपवलं नाही. एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर-ऑप्शनच्या सौद्यांमधल्या १०० पैकी ९३ लोकायले २०२२ ते २०२४ च्या तीन आर्थिक वर्षांत तोटा झाला हा सेबीचा (बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा) आकडाही फी घ्यायच्या आधीच सांगतला.

आता कमी कुठं पडते. सारे चार्ट जुने, उत्तर उजवीकडं दिसूनच राह्यलं असते. चालू मार्केटमध्ये, सव्वानऊले भाव कालच्यापेक्षा एकदम वर नाहीतर खाली (गॅप) उघडल्यावर काय कराचं याचा सराव नाही, रविवारी तो होणार तरी कसा. स्टॉपलॉस (तोटा वाढू नये म्हणून जिथं सौदा सोडाचा तो भाव) किती दूर अन् त्या हिशेबानं क्वांटिटी किती, हे तं शेवटी घाईघाईत उरकलं, खरं म्हणजे यालेच एक पूर्ण रविवार द्याले पाहिजे होता. सोयाबीनचा चार्ट पण बऱ्याच जणायनं मागतला, पण त्याचे वायदे सेबीनं डिसेंबर २०२१ मध्येच बंद केले, त्यात सरांचा दोष नाही.

डिलिव्हरीत (शेअर घेऊन ठेवण्यात) थोडे थोडे पैसे टाकणाऱ्यानं नक्की जावं. पीककर्जाच्या पैशानं ऑप्शन खेळाचं मनात असन तं हा क्लास लावू नका, कोणताच लावू नका. अन् लॅपटॉप असला तं घेऊन जा, मोबाईलवर लाइन ओढता ओढता बोट सरकते अन् लेव्हल भलतीकडंच बसते.