गिनीपिगचं गवत आणि पेलेट: पैसे आधी कशावर घालायचे?

गिनीपिग घरी आला की पहिला प्रश्न हमखास येतो, "पेलेट कुठले घेऊ?" मला विचाराल तर आधी गवताचं बघा. गिनीपिगच्या जेवणात वाळलेलं गवत म्हणजे भाकरी आणि पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या तयार खाण्याच्या बारीक गोळ्या, हे तोंडीलावणं. त्याचे वीसच्या वीस दात जन्मभर वाढत राहतात. लांब, चरबरीत काड्या तासन्‌तास चघळल्या तरच दाढा झिजतात आणि पोटही चालू राहतं. पेलेटचा दोन चाव्यांत भुगा होतो, दाढांना काही कामच उरत नाही. म्हणून पिंजऱ्यात गवत चोवीस तास हवं, रोज निदान त्याच्या अंगाएवढा ढीग.

आता गवत कुठलं? आपल्याकडे ऑनलाइन सर्वांत जास्त मिळतं ते बाहेरून येणारं टिमोथी. मोठ्या गिनीपिगसाठी ते उत्तम: तंतू भरपूर, प्रथिनं आणि कॅल्शियम बेताचं. खटकते ती किंमत, आणि कधी कधी पाकिटात तळाशी निघणारा मूठभर चुरा. ओटचं वाळलं गवत जवळपास तेवढंच चांगलं. त्याच्या कणसांसाठी तर आमच्या घरी भांडणं होतात. फक्त कणसांत दाणे फार भरलेले नकोत. दोन्ही आलटून पालटून दिलीत तर उत्तमच, म्हणजे एक मिळेनासं झालं तरी जनावर अडून बसत नाही.

हरळीला मात्र लोक उगीच कमी लेखतात. पूजेला दूर्वा म्हणून आणतो तीच ही. खात्रीच्या जागेवरची हरळी कापून गच्चीवर दोन-तीन दिवस खडखडीत वाळवली की खर्च जवळजवळ शून्य. पण रस्त्याकडेची किंवा सोसायटीच्या लॉनवरची कापू नका. तिथे तणनाशक मारलेलं असतं, कुत्री मुततात. फुलवाल्याकडच्या जुड्या ताज्या द्यायच्या तर नीट धुवून, सुरुवातीला चार काड्याच.

लसूणघासाची, म्हणजे अल्फाल्फाची, गोष्ट वेगळी. हिरवीगार, मऊ, गिनीपिग तुटून पडतात, त्यामुळे आपल्याला वाटतं हीच खरी पौष्टिक. तिच्यात कॅल्शियम टिमोथीच्या दुपटीहूनही जास्त असू शकतं. गिनीपिगचं शरीर जादाचं कॅल्शियम लघवीवाटे टाकतं आणि त्याचे मूत्राशयात खडे होऊ शकतात. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू, गाभण किंवा अंगावर पाजणारी मादी यांना लसूणघास जरूर द्या. बाकीच्यांना रोज नको. गोठ्यावाल्याकडचा कडबा किंवा भाताचा पेंढा स्वस्त पडतो, पण त्यात पोषण फार थोडं. तो गवताची जागा घेऊ शकत नाही.

पेलेटच्या बाबतीत मी स्वतः चुकले आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. गुंड्या आमच्याकडे आला तेव्हा दुकानदाराने बरणीतले सुटे पेलेट दिले, "ससा, गिनीपिग, दोघांना चालतं" म्हणाला. दीड-दोन महिन्यांनी एका सकाळी मी फ्रिज उघडला आणि गुंड्याची शिट्टी आली नाही. एरवी फ्रिजचं दार वाजलं की हा सगळं घर डोक्यावर घ्यायचा. त्या दिवशी कोपऱ्यात फुगून बसला होता. मागचा पाय उचलायला गेले तर किंचाळला. डॉक्टरांनी सांगितलं, क जीवनसत्त्वाची कमतरता. औषध सुरू झालं, आणि आठवड्याभराने शिट्टी परत ऐकू आली तेव्हा मी ओट्यापाशीच रडले.

कारण साधं आहे. ससा आपलं क जीवनसत्त्व शरीरात तयार करतो. गिनीपिगला माणसासारखंच ते बाहेरून घ्यावं लागतं, रोज साधारण किलो वजनामागे १० ते ३० मिलिग्रॅम. सशाच्या पेलेटमध्ये ते बहुधा घातलेलंच नसतं. गिनीपिगच्या पेलेटमध्ये घातलेलं असलं तरी ते ठेवून ठेवून उडून जातं, तीन महिन्यांत निम्म्यावर येऊ शकतं. म्हणून बरणीतलं सुटं, तारीख नसलेलं खाणं कितीही स्वस्त असलं तरी माझ्या घरात येत नाही.

उरतात दोन प्रकार. एक रंगीबेरंगी मिश्रण: मका, सूर्यफुलाच्या बिया, सुकवलेली फळं. गिनीपिग त्यातलं गोड आणि तेलकट तेवढं वेचून खातो, कामाचं तसंच मागे टाकतो. दुसरे एकसारखे, मातकट हिरवे, दिसायला अगदी कंटाळवाणे पेलेट. हेच घ्या. पाकिटामागे टिमोथी सर्वांत आधी लिहिलेलं असावं, तंतू २० टक्क्यांच्या वर, टिकाऊ स्वरूपातलं क जीवनसत्त्व, आणि उत्पादनाची तारीख जवळची. लसूणघासाचे पेलेट लहान पिल्लांपुरते. मोठ्याला दिवसाला दोन सपाट मोठे चमचे पुरतात. या हिशेबाने दोघांना किलोभर पेलेट तीन-चार आठवडे जातात, तेव्हा सवलत दिसली म्हणून पाच किलोचं पोतं उचलू नका.

पावसाळ्यात गवत बंद प्लास्टिकमध्ये ठेवलं की आतून घाम धरतं. आम्ही ते सुती पिशवीत घालून खुंटीला टांगतो. कुबट वास आला किंवा पांढरी-काळी बुरशी दिसली तर झटकून, निवडून वापरू नका, सगळं फेकून द्या.

पैसे तुटपुंजे असतील तर गवत चांगलं घ्या, पेलेट कमी करा आणि रोज मध्यम ढोबळ्या मिरचीचा पाव भाग ताजा चिरून द्या. किलोभराच्या धडधाकट गिनीपिगची क जीवनसत्त्वाची रोजची गरज त्यातून बरीचशी भागते. पाण्यात क जीवनसत्त्वाचे थेंब टाकायच्या भानगडीत पडू नका. त्यांचा असर पाण्यात टिकत नाही, शिवाय चव बदलली म्हणून काही गिनीपिग पाणीच पिणं सोडतात. पेलेट बदलायचे तर जुन्यात नवे मिसळत आठ-दहा दिवस घ्या. आणि नवं खाणं नाकारून गिनीपिग अर्धा दिवस काहीच खात नसेल, तर "भूक लागली की खाईल" म्हणून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.