मोआच्या नवरा-बायकोची ताटातूट: नामशेष पक्ष्यांच्या हाडांच्या रेप्लिका सेटचा रिव्ह्यू

घेऊ की नको घेऊ करत शेवटी हा सेट मागवला आणि गेले दोन महिने रोज त्यातलं काही ना काही हातात असतंच, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही. सेट म्हणजे नामशेष पक्ष्यांच्या हाडांच्या रेझिनमधल्या रेप्लिका, एकूण १२ पीस, प्रत्येकाला एक कार्ड आणि सोबत एक पातळ पुस्तिका. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण पुढे मी बराच वैतागलेलो दिसणार आहे, आणि मला भांडण नकोय, फक्त घेणाऱ्याला कळावं की काय चांगलंय आणि कुठे पोपट होतो.

आधी चांगलं सांगतो. हाडं एक नंबर आहेत. म्हणजे खरंच. मोआ म्हणजे न्यूझीलंडचा न उडणारा, आता नामशेष झालेला पक्षी. त्याचं टार्सोमेटाटार्सस (पक्ष्याच्या पायात पंजा आणि 'उलटा गुडघा' यांच्यामध्ये दिसतं ते लांब हाड, घोट्याची आणि तळपायाची हाडं एकत्र जुळून बनलेलं) बॉक्समधून काढलं तेव्हा हात खालीच गेला, इतकं जड. पूर्ण साइजचं आहे, माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरतं. खालच्या टोकाला तीन गुळगुळीत कप्प्या आहेत, ट्रोक्लिया म्हणतात त्यांना, प्रत्येक कप्पीवर एक बोट बसायचं. अंगठा फिरवला की मधल्या कप्पीची खाच स्पष्ट लागते. शहामृगाला अशा दोनच असतात कारण त्याला बोटंच दोन, म्हणजे नुसतं हे टोक बघूनही 'शहामृग नाही' एवढं तरी कोणीही सांगेल. मागच्या बाजूला वरती स्नायूंच्या दोऱ्या जायच्या त्या पन्हळी असतात, हायपोटार्सस, स्वस्तातल्या कास्टमध्ये तिथे नुसता गोळा असतो, इथे पन्हळ न पन्हळ आलीये. रंगसुद्धा दलदलीतून निघालेल्या हाडाचा असतो तसा चहाच्या डागासारखा तपकिरी, उगाच काळा करून 'प्राचीन' लुक दिलेला नाही. याबद्दल पूर्ण मार्क.

आता कार्डं. इथे सगळी माती खाल्लीये.

सेटमध्ये मोआची अशी दोन हाडं आहेत, एक वर सांगितलं ते अवाढव्य आणि एक त्याच्यापेक्षा बरंच छोटं. मोठ्याच्या कार्डावर 'डायनॉर्निस जायगँटियस', छोट्याच्या कार्डावर 'डायनॉर्निस स्ट्रुथॉइडिस', आणि खाली ऐटीत लिहिलंय की या दोन वेगळ्या स्पीशीज एकाच बेटावर शेजारी शेजारी राहायच्या. अहो राहायच्याच की, नवरा-बायको होते ते! २००३ साली हाडांमधल्या डीएनएवरून नर कुठला आणि मादी कुठली हे तपासलं गेलं तेव्हा कळलं की छोटे सगळे नर आणि मोठ्या सगळ्या माद्या. मादी नराच्या दीडपट उंच आणि वजनाला जवळपास पावणेतीनपट असू शकायची. इतका फरक बघून जुन्या लोकांनी वेगळी नावं दिली यात त्यांची चूक म्हणता येत नाही, हातात नुसती हाडं असताना कोणीही तेच केलं असतं. आता डायनॉर्निसच्या दोनच स्पीशीज धरतात, न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर एक आणि दक्षिण बेटावर एक, सगळे मिळून मोआ साधारण नऊ. पण आजच्या तारखेला छापलेल्या कार्डावर तीच जुनी नावं? २००३ नंतर जन्मलेली पोरं कॉलेजला गेली राव.

आणि गंमत म्हणजे त्याच कार्डावर रिचर्ड ओवेन या इंग्लिश शरीररचनातज्ज्ञाची गोष्ट मात्र छान लिहिलीये. १८३९ मध्ये त्याच्याकडे न्यूझीलंडहून आलेला मांडीच्या हाडाचा एक तुकडा होता, जेमतेम १५ सेंटीमीटरचा, दोन्ही टोकं गायब, आणि तेवढ्यावर त्याने छातीठोक सांगितलं की तिथे शहामृगाएवढा अवजड पक्षी होता. लोक हसले. १८४३ मध्ये पेट्या भरभरून हाडं आली आणि तो बरोबर निघाला. हे वाचून मला इतकं भारी वाटलं की पुढच्याच ओळीतल्या चुकीचा जास्तच राग आला.

पुस्तिकेत 'सबफॉसिल म्हणजे १०,००० वर्षांपेक्षा लहान फॉसिल' असं एका वाक्यात उरकलंय. वयाचा अंदाज म्हणून ठीक, पण मुद्दा तो नाहीच ना. मुद्दा हा की हाड अजून पुरतं दगड झालेलं नाही. गुहेत, दलदलीत, वाळूच्या टेकड्यांत पडलेलं हाड, ज्यात मूळचं कोलॅजन शिल्लक आहे आणि नशीब चांगलं असेल तर डीएनएसुद्धा. मोआ, डोडो, मादागास्करचा एलिफंट बर्ड, हे सगळे त्यातले. म्हणजे यांची वर्गवारी हाडाच्या आकारावरून एकदा झाली आणि नंतर डीएनएने परत तपासली गेली, कित्येकदा उलटीपालटी झाली. याउलट ज्युरासिक-क्रेटेशियसमधल्या (म्हणजे डायनासॉरच्या काळातल्या) दगडातल्या पक्ष्यांना ही सोय नाही, तिथे खाच, खळगा, उंचवटा यावरच सगळा खेळ. हा फरक सांगितला असता तर १२ पीसचा हा सेट नुसता शोपीस न राहता अभ्यासाचा झाला असता. माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक कार्डावर नाव कुठल्या सालचं आणि कशावरून दिलेलं, हाडावरून की डीएनएवरून, हे दोन शब्द पाहिजे होते. नावाखाली तारीख नसेल तर ते जुनं लेबल, पक्षी जुनी माहिती. (हा पक्षी वेगळा.)

डोडोच्या बाबतीत कार्ड बरंच बरं आहे. कवटी आहे आणि टिबिओटार्सस (पायाचं नडगीचं हाड) आहे. 'कबुतराच्या कुळातला' असं नीट लिहिलंय. लिनियसने १७५८ मध्ये याला शहामृगाच्या जीनसमध्ये (जवळच्या स्पीशीजच्या गटात) टाकलं होतं, नंतर कोणी गिधाड म्हटलं, कोणी आणखी काही, आणि १८४० च्या दशकात राइनहार्ट नावाच्या डॅनिश माणसाने कवटी बघून कबूतर म्हटलं तेव्हा त्याची खिल्ली उडवली गेली. २००२ मध्ये ऑक्सफर्डच्या नमुन्यातल्या डीएनएने सांगितलं की आज जिवंत असलेला सगळ्यात जवळचा नातेवाईक निकोबारी कबूतर. म्हणजे हाडावरून केलेली वर्गवारी दरवेळी चुकतेच असं नाही, बघणारा पाहिजे. कवटी हातात घेऊन चोचीचा आकडा सोडून फक्त मागचा भाग बघा, कबूतर दिसायला लागतं, मला तिसऱ्या दिवशी दिसलं आणि मग ते न दिसणं जमेचना.

पण टिबिओटार्ससवर 'उजवा' लिहिलंय आणि तो डावा आहे. एक अख्खी संध्याकाळ गेली माझी यात. मला वाटलं मलाच कळत नाहीये. बघायचं कसं तर हाड उभं धरायचं, खालच्या टोकाला पुढच्या बाजूने एक छोटा हाडाचा पूल असतो ज्याखालून दोरी जाते, तो पूल आपल्याकडे करायचा, म्हणजे पक्षी आपल्याकडे तोंड करून उभा आहे असं झालं. मग वरच्या भागात बाजूला जी धार असते, जिथे बारकं फिब्युला हाड चिकटतं, ती पायाच्या बाहेरच्या बाजूला असते. माझ्या पीसमध्ये ती माझ्या उजव्या हाताला येते. पक्षी समोर तोंड करून उभा, म्हणजे तो त्याचा डावा पाय. चार वेळा केलं, आरशात केलं, कोंबडीच्या हाडाशी ताडून बघितलं. डावाच. हे बारीक वाटेल पण एका दलदलीतून डोडोची शेकडो हाडं निघतात तेव्हा कमीत कमी किती पक्षी होते हे मोजताना डावे-उजवे वेगळे करूनच मोजतात. मॉरिशसच्या मार ओ साँजमध्ये १८६५ पासून जी हाडं निघाली त्यातूनच तर जगभरच्या म्युझियममधले बरेचसे डोडो जोडलेत, एका सांगाड्यात अनेकांची हाडं. ते पुस्तिकेत नाही, असायला हवं होतं.

आर्किओप्टेरिक्सची (डायनासॉरच्या काळातला, पिसं असलेला पक्ष्यासारखा प्राणी) पाटी बर्लिनच्या म्युझियममधल्या नमुन्याची आहे, छोटी केलेली, पण साइडने टॉर्च मारला की पंखांचे ठसे असे उठून येतात की बास. कार्ड वाचू नका, 'जगातला पहिला पक्षी' वगैरे. मला हवी होती ती नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या नमुन्याची गोष्ट. १८५७ मध्ये त्याला उडता सरपटणारा प्राणी, टेरोडॅक्टिलस, म्हणून नाव मिळालं, मग १९७० मध्ये ऑस्ट्रॉम या जीवाश्मतज्ज्ञाने ओळखलं की अरे हा तर आर्किओप्टेरिक्स, आणि २०१७ मध्ये परत काढून वेगळा जीनस केला, नाव ऑस्ट्रॉमिया, म्हणजे ज्याने ओळखला त्याचंच नाव आणि तेही त्याचं ओळखणं खोडून. एकाच दगडाची तीन नावं.

सेटमधला माझा सगळ्यात लाडका पीस मात्र कोणी फोटोतही दाखवत नाही. खांद्याच्या हाडांच्या दोन जोड्या आहेत, मोठ्या करून बनवलेल्या, एक आजच्या पक्ष्याची आणि एक एनँटिऑर्निथिनची, म्हणजे 'उलटे पक्षी', डायनासॉरच्या काळात भरपूर होते आणि त्यांच्याबरोबरच संपले. आजच्या पक्ष्यात कोराकॉइडला (खांदा आणि छातीचं हाड जोडणारं हाड) वाटी आणि खांद्याच्या फळीला गोटी, उलट्या पक्ष्यांत गोटी कोराकॉइडला आणि वाटी फळीला. बास एवढंच. सिरिल वॉकर या जीवाश्मतज्ज्ञाने १९८१ मध्ये अर्जेंटिनातल्या सुट्या हाडांवर हे बघितलं आणि एक अख्खा गट उभा राहिला. दोन्ही जोड्या हातात घेऊन टक टक लावून बघायच्या, एकीचं दुसरीला बसत नाही. माझ्या भाचीला काही न सांगता दिलं तर दोन मिनिटांत म्हणाली मामा हे उलटं बनवलंय. सेटचे अर्धे पैसे तिथेच वसूल झाले.

बाकी पटकन. पेंग्विनचं आखूड रुंद टार्सोमेटाटार्सस चांगलं आहे, पेंग्विनचा पहिला नाव मिळालेला फॉसिलही हक्सली या जीवशास्त्रज्ञाने १८५९ मध्ये याच हाडावरून वर्णन केला होता, त्यामुळे निवड शहाणपणाची. ग्रेट ऑकचं (उत्तर अटलांटिकचा न उडणारा नामशेष समुद्रपक्षी) दंडाचं हाड चपटं आहे, जसं हवं तसं. गॅस्टॉर्निसची (न उडणारा, प्रचंड मोठा नामशेष पक्षी) चोच ठीक, पण कार्डावर तो अजून घोड्यांचा फडशा पाडणारा राक्षस आहे, आता तो पाला-बिया खाणारा आणि बदक-कोंबड्यांच्या गोतावळ्यातला मानतात, बिचाऱ्याची बदनामी थांबवा. हास्टच्या गरुडाच्या (न्यूझीलंडचा अवाढव्य नामशेष गरुड) नखीचं टोक फोममध्येच तुटून आलं होतं, बदलून दिली, आठ दिवसांत, तक्रार नाही.

पण एक पान फाडून टाकावं असं आहे, ज्यात शहामृग, एमू, किवी, मोआ, एलिफंट बर्ड सगळ्यांना एका फांदीवर बसवून 'न उडणाऱ्यांचं घराणं' म्हटलंय. प्रत्यक्षात मोआचे जवळचे नातेवाईक दक्षिण अमेरिकेतले टिनामू, जे चक्क उडतात, आणि त्या भल्याथोरल्या एलिफंट बर्डचा सगळ्यात जवळचा नातेवाईक निघाला कोंबडीएवढा किवी, हे २०१४ चं काम. म्हणजे उडणं एकदाच सुटलं नाही, वेगवेगळ्या घरांत वेगवेगळं सुटलं आणि पाय मात्र सारखे जाड झाले. हाड बघून फसायला होतं ते इथे. हे पान नीट असतं तर मी पाचपैकी पाच दिले असते, आता साडेतीन, तेही हाडांमुळे.

कस्टमर केअरला सगळं लिहून पाठवलं, मुद्देसूद, फोटोंसकट. उत्तर आलं की कार्डं तज्ज्ञांकडून तपासलेली आहेत, आणि पुढच्या खरेदीवर सूट. मी परत फक्त डाव्या-उजव्याबद्दल विचारलं, त्यावर अजून 'संबंधित विभागाकडे पाठवले आहे'.

घ्यायचा का? शिकवणाऱ्याने, चित्रं काढणाऱ्याने, हाडांचं वेड असणाऱ्याने डोळे झाकून घ्यावा, कार्डं मात्र डोळे उघडे ठेवून वाचावीत. लहान मुलांसाठी घेत असाल तर कार्डं आधी काढून ठेवा.

मी माझी कार्डं स्वतः बनवली. मोआची दोन्ही हाडं आता एका ट्रेमध्ये आहेत, एकच कार्ड, दोन बाण, मादी आणि नर. सगळी पेनने लिहिली, फक्त एलिफंट बर्डच्या अंड्याच्या कवचाचं पेन्सिलने, कारण त्यातल्या सगळ्यात मोठ्याला २०१८ मध्ये व्होरोम्बे हा नवा जीनस दिला होता आणि २०२३ मध्ये अशाच कवचांतल्या डीएनएने तो परत एपिऑर्निसमध्ये ढकलला, त्या मोठ्या बहुधा माद्याच होत्या म्हणे. खोडरबर ट्रेमध्येच ठेवलाय.