पैठण रोडवरची ज्येष्ठांची वसाहत : एकट्या गड्यानं सात महिने राहून लिहिलेलं

नाव लिहीत नाही, कारण अजून तिथंच राहायलोय आणि रोज त्यांच्याच मेसमधी जेवायचंय. संभाजीनगरातून पैठण रोडनं बाहेर पडलं की थोडं पुढं आहे, एवढं बास. मी 73 वर्षांचा, पाटबंधारे खात्यातून रिटायर, लग्न केलं नाही. का केलं नाही ते इथं आल्यापासून दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच, त्यामुळं ते इथं परत नको.

परभणीत स्वतःचं घर आहे. मागच्या पावसाळ्यात तीन दिवस तापानं पडून होतो, गेटखाली पेपर तसेच साचलेले, चौथ्या दिवशी पेपरवाल्यानं बेल वाजवली, म्हणलं चला कुणाला तरी काळजी वाटली, तर ते पोरगं महिन्याचं बिल मागायला आलेलं. मग चौकशा सुरू केल्या. पुतण्या फोनवर म्हणला काका वृद्धाश्रमात कायला जायलात, लोक आम्हाला नावं ठेवतील. म्हणलं बाबा, मग तू ये परभणीला राहायला. विषय संपला.

पैशाचं आधी सांगतो. डिपॉझिट 5 लाख, खोली सोडल्यावर तीन महिन्यांनी परत, हे कागदावर लिहून घेतलं. महिन्याला 18 हजार, त्यात जेवण, लाइट, झाडलोट, आठवड्यातून एकदा डॉक्टर. पण तीच खोली जोडप्याला 24 हजार, म्हणजे माणशी 12 पडले ना. मॅनेजरला विचारलं तर म्हणला काका खोली तर तेवढीच लागते की. बरोबर आहे त्याचं, तरीपण बायको नाही म्हणून दरमहा दंड भरायलोय असं वाटतं. माझं गणित असं बसवलं, पोस्टात सीनियर सिटिझन स्कीममधी पूर्ण 30 लाख, 8.2 टक्क्यानं तिमाहीला 61,500, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार, टॅक्स धरून इथलं भागतं आणि पेन्शन हातात राहते. घर विकलं नाही, भाड्यानं दिलंय. तुम्हीबी लगेच विकू नका, एक उन्हाळा काढून बघा आधी.

फॉर्ममधी एक रकाना आहे 'जबाबदार नातेवाईक', आणि अट अशी की तो 50 किलोमीटरच्या आत राहणारा पाहिजे. माझा पुतण्या पुण्याला. दोन आठवडे अडवून ठेवलं, शेवटी सिडकोत राहणाऱ्या जुन्या ऑफिसच्या मित्रानं सही केली. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे, म्हणजे कोण कुणाची जबाबदारी घेणार देव जाणे. एकट्या माणसानं डिपॉझिट भरायच्या आधी एवढंच विचारावं, रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर कागदावर सही कोण करणार. आमच्यात तिघांना वेगवेगळं उत्तर मिळालंय.

पाणी. आमचा जन्मच त्यात गेला म्हणून इथं जरा जास्त लिहितो. तिकडं जायकवाडी धरणाच्या नाथसागरात 102 टीएमसी मावतं आणि शहरात नळ कितीक दिवसांनी येतो हे सगळ्यांना माहीतच आहे, मग शहराबाहेर कोण पाइप टाकून देतंय. बोअर आहे पण फेब्रुवारीपासून दम टाकतो. माणसं 70, माणशी 135 लिटर धरलं तर साडेनऊ हजार लिटर, म्हणजे 10 हजारी टँकर रोज एक लागतोच, आणि मार्चमधी हे लोक दोन दिवसांला एक मागवायले. मी कागदावर आकडे मांडून मॅनेजरला नेऊन दिले. आधी हसला, पण दुसऱ्या आठवड्यापासून रोज टँकर यायला लागला. सम्प, म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी, मात्र अजून धुतलेला नाही, झाकण उघडून बघितलंय मी, बुडाला बोटभर गाळ आहे.

जेवण घरच्यासारखं नाही पण वाईटबी नाही. तेल कमी, तिखट त्याहून कमी. रोज चपाती. भाकरी फक्त बुधवारी आणि शनिवारी, कारण थापणारी बाई दोनच दिवस येते. मला परभणी मोती ज्वारीच्या भाकरीची सवय, तर त्या दोन दिवशी मी एक भाकर जास्तीची मागून रुमालात बांधून नेतो, दुसऱ्या दिवशी सकाळी ठेचा आणि कच्च्या तेलासंगट. हे बहुतेक नियमात बसत नाही.

माणसांचं सांगायचं तर जोडपी जोडप्यात बसतात, बायकांचं भजनी मंडळ वेगळं, आणि एकट्या गड्याला पहिला महिनाभर सगळे लांबूनच बघतात, हा कोण, कसा, पितो बितो का. मी आपला कोपऱ्यातल्या टेबलावर. आता नांदेडचे एक रिटायर्ड हेडमास्तर आहेत, बायको वारल्यावर आलेले, त्यांच्यासंगं बुद्धिबळ होतं. रेल्वेनं ज्येष्ठांची सवलत 2020 मधी बंद केली ती केलीच, म्हणून परभणीला जायचं तर मी एसटीच्या अर्ध्या तिकिटात जातो, ते 75 च्या पुढचे आहेत म्हणून त्यांना फुकट, आणि हे ते दर वेळी कंडक्टरसमोर मोठ्यानं सांगतात.

आता ज्याच्यासाठी राहिलो ते. सकाळी दाराच्या कडीला दुधाची पिशवी अडकवून जातात. साडेआठपर्यंत ती आत गेली नाही तर वॉचमननं दार वाजवायचं, उत्तर नाही आलं तर ऑफिसातली दुसरी चावी आणायची. एप्रिलमधी एकदा मी पहाटेच मागच्या गेटला टँकर बघायला गेलो, ड्रायव्हर अर्धाच रिकामा करून निघाला होता, त्याच्यासंगं वाद घालत बसलो आणि दुधाचं डोक्यातच नाही. परत आलो तर माझ्या खोलीचं दार सताड उघडं, वॉचमन पलंगाखाली वाकून बघायलाय, हेडमास्तर बनियनवर, आणि भजनातल्या एक आजी, ज्या तोवर माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या, त्या पदर तोंडाला लावून उभ्या. मला बघितलं तशा एवढ्या खवळल्या, म्हणल्या सांगून जायला काय होतं हो तुम्हाला? मी म्हणलं चुकलं ताई. तेव्हापासून बाहेर जाताना पिशवी आधी आत घेतो. रुमालातल्या भाकरीचंबी त्यांना माहिती आहे असं दिसतंय, कारण मागच्या शनिवारी माझ्या ताटात न मागता दोन आल्या.

बघायला यायचं तर रविवारी येऊ नका, त्या दिवशी गोडधोड असतं आणि मॅनेजर स्वतः फिरून दाखवतो. मधल्या वारी या, सकाळी अकराच्या सुमारास, आणि ऑफिसात जायच्या आधी सम्पचं झाकण उघडायला सांगा.