चवथीची खरेदी आणि फोंड्यातले एक सुपरमार्केट

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या आठवड्यात गोव्यातल्या फोंड्यातील एका नव्या सुपरमार्केटमध्ये मी दूध, उदबत्ती आणि पातोळ्यांसाठी माडाचा गूळ या तीनच वस्तू आणायला गेलो आणि पाऊण तासाने अकरा वस्तू घेऊन बाहेर पडलो. दुकान स्वच्छ आहे, माल ताजा असतो, नोकरवर्ग अदबीने बोलतो आणि बिलात चूक सापडली नाही. तरीही त्या जादा आठ वस्तू पिशवीत कशा आल्या, याचा छडा लावण्यासाठी मी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेथे गेलो.

दारातच ताज्या पावाचा घमघमाट येतो, कारण पावाची भट्टी मुद्दाम तेथे मांडली आहे. आमचा पोदेर, म्हणजे दारोदार फिरणारा पाववाला, हाही पाव खपवायलाच येतो, पण तो सायकलचा भोंपू वाजवून येतो. येथे वर्दी न देताच भूक चाळवली जाते. दूध अगदी मागच्या भिंतीशी ठेवले असल्यामुळे अर्धे दुकान पालथे घालावेच लागते. डोळ्यांच्या उंचीवर देखण्या बरण्यांतली गुळाची पावडर मांडलेली, तर माडाच्या गुळाच्या ढेपा पायाशी, वाकल्याशिवाय दिसणार नाहीत अशा.

सर्वांत गंमत वाइनच्या विभागात आहे. तेथे मंद आवाजात फादो हे पोर्तुगीज गाणे वाजत होते आणि मी पोर्तुगालचीच पोर्ट वाइन उचलली. चवथीच्या सामानात पोर्ट! घरी याचा खुलासा करताना माझी तारांबळ उडाली. मानसशास्त्रज्ञ एड्रियन नॉर्थ आणि सहकाऱ्यांनी 1997 साली इंग्लंडमधील एका सुपरमार्केटमधला असाच प्रयोग प्रसिद्ध केला होता. फ्रेंच संगीत वाजत असताना फ्रेंच वाइनच्या 40 आणि जर्मन वाइनच्या 8 बाटल्या खपल्या. जर्मन संगीताच्या वेळी जर्मन 22 आणि फ्रेंच 12. संगीतामुळे आपली निवड बदलली, हे बहुतेक गिऱ्हाइकांना मान्यच नव्हते. मलाही प्रथम नव्हते.

छुप्या जाहिरातीचा विषय निघाला की लोक हमखास जेम्स व्हिकरीचे नाव काढतात. चित्रपट चालू असताना सेकंदाच्या तीन हजाराव्या भागापुरता ‘पॉपकॉर्न खा’ असा संदेश पडद्यावर झळकवून विक्री वाढवल्याचा दावा या अमेरिकन गृहस्थाने 1957 मध्ये केला आणि 1962 मध्ये तो प्रसिद्धीसाठीचा बनाव असल्याचे स्वतःच कबूल केले. त्या बनावाची धास्ती अजून टिकून आहे. मात्र या दुकानात पडद्यामागे काहीच नाही. वास, सूर आणि फळीची उंची, सारे उघड्यावर आहे, म्हणूनच त्याकडे कोणी संशयाने पाहत नाही.

माझी खरी तक्रार एकच आहे. बिलाच्या काउंटरपाशी चार-पाच वर्षांच्या मुलाचा हात सहज पोहोचेल अशा उंचीवर चॉकलेटे मांडली आहेत, आणि रांग हलत नसते तेव्हा आईबापांना त्यातून सुटका नसते. मोठ्यांना भुलवण्याला माझी हरकत नाही. हा प्रकार मात्र व्यवस्थापनाने थांबवावा.

पाचपैकी साडेतीन गुण. यादी कागदावर लिहून आणि पोटभर जेवून जावे. गूळ मात्र उत्तम निघाला. तो तिसऱ्या रांगेत, डावीकडे, सर्वांत खालच्या फळीवर मिळेल.