पटकथेवर जाहीर अभिप्राय मागवावा का? काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्या पूर्ण लांबीच्या पटकथेचा दुसरा ड्राफ्ट मी गूगल डॉक्सवर ठेवून त्याची लिंक सर्वांसाठी खुली केली, त्याला आता बरेच महिने झाले. लिंक असणाऱ्या कोणालाही मजकूर वाचता यावा आणि समासात टिप्पणी करता यावी, मात्र मूळ मजकूर बदलता येऊ नये, अशी परवानगी ठेवली होती. लेखकाने अनोळखी वाचकांचा अभिप्राय जाहीरपणे मागवावा का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘जरूर मागवावा’ असे आहे. पण तो कोणत्या टप्प्यावर मागवावा, काय विचारून मागवावा आणि आलेल्यातले काय स्वीकारावे, याबद्दल माझी मते या काळात चांगलीच पक्की झाली आहेत.

अनोळखी वाचकाचे खरे मोल त्याच्या अनोळखीपणातच असते. मित्रांना आपण कथा कधी ना कधी तोंडी सांगितलेली असते, त्यामुळे कागदावर जे उतरलेलेच नाही ते वाचताना ते मनातल्या मनात भरून घेतात. अनोळखी वाचकापुढे फक्त पान असते. तो कुठे गोंधळला, कुठे कंटाळला, कोणत्या पात्रावरचा त्याचा विश्वास उडाला, हे त्याने सांगितले की त्यावर सहसा वाद घालण्यात अर्थ नसतो. उपाय सुचवताना मात्र तोच वाचक बहुतेक वेळा चुकतो, कारण पुढच्या पानांवर लेखकाला काय साधायचे आहे हे त्याला ठाऊक नसते.

एक प्रसंग सांगतो. रुग्णालयाच्या मार्गिकेत धाकटी बहीण वडिलांचा चष्मा हातात धरून उभी आहे. थोरली येते आणि घराच्या कागदांवर सही झाल्याचे एका वाक्यात सांगते. धाकटी चष्मा तिच्या हातात ठेवून निघून जाते. थोरलीच्या त्या वाक्याशेजारी टिप्पण्यांची रांग लागली. वाक्य फार तुटक आहे, असे कोणी लिहिले. तिने आधी क्षमा मागायला हवी, असे कोणी सुचवले. एकाने तर अख्खा संवाद नव्याने लिहून दिला. एका वाचकाने फक्त इतकेच विचारले, ‘सही होणार आहे हे धाकटीला आधीपासून माहीत होते का?’ दुखणे नेमके तिथे होते. आधीच्या फोनच्या प्रसंगात मी धाकटीला दारात उभी केली, थोरलीचे वाक्य आहे तसेच ठेवले, आणि नंतरच्या वाचकांपैकी कोणीही त्या ओळीवर अडखळले नाही.

समासातल्या टिप्पणीची मोठी मर्यादा यातून दिसते. टिप्पणी एखाद्या ओळीला चिकटवावी लागते, त्यामुळे वाचकाचे लक्षही ओळीवरच राहते. संवादांवर भरभरून लिहिले जाते आणि मध्यंतरापूर्वीचा भाग रेंगाळतो यासारखी रचनेची अडचण कुठेच नोंदवली जात नाही. शिवाय सुरुवातीच्या पानांवर गर्दी असते आणि पुढे ती ओसरत जाते. टिप्पण्या कोणत्या प्रसंगानंतर एकाएकी थांबल्या, हे मी आता आवर्जून पाहतो, कारण वाचकांनी न लिहिलेले बरेच काही तिथे कळते. पटकथा वाचण्याची सवय नसलेले वाचक पात्रांच्या मनातले विचार लिहून मागतात, ही गोष्टही ध्यानात ठेवावी लागते. पडद्यावर जे दिसेल आणि ऐकू येईल तेवढेच पटकथेत लिहायचे असते, आणि प्रचलित मांडणीत एक पान म्हणजे पडद्यावरचा साधारण एक मिनिट धरतात. प्रत्येक भावनेचा खुलासा लिहीत बसले तर हा हिशेबच कोलमडतो.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. आधीच्या टिप्पण्या सर्वांना दिसत असल्यामुळे पहिल्या दोन-तीन वाचकांचा सूर पुढचे वाचक नकळत उचलतात. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात संकेतस्थळावरील मजकुराला सुरुवातीलाच एक कृत्रिम अनुकूल मत दिले गेले, तेव्हा त्याचे अंतिम गुणांकन सरासरी २५ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. हे वाचल्यावर मी समासातल्या टिप्पण्या बंद केल्या, लिंक केवळ वाचनापुरती ठेवली आणि उत्तरे गूगल फॉर्मवर मागवली, म्हणजे एकाचे उत्तर दुसऱ्याला दिसण्याचा प्रश्नच उरला नाही. उत्तरांची संख्या घटली, पण त्यांतले मतभेद प्रथमच खरे वाटू लागले.

फॉर्ममधले प्रश्न ठरवताना नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये विकसित केलेल्या अभिप्रायपद्धतीचा मला फार उपयोग झाला. तिथे प्रेक्षक आधी आपल्या मनात काय राहिले ते सांगतात, मग कलावंत प्रश्न विचारतो, त्यानंतर प्रेक्षक मत न लादणारे प्रश्न विचारतात आणि शेवटी कलावंताची परवानगी घेऊनच मत मांडतात. मी ‘कशी वाटली?’ हा प्रश्न काढून टाकला. वाचन कुठे थांबवले, कोणाची बाजू पटली, शेवटापूर्वी काय घडेल असे वाटले होते, हे विचारल्यावर मिळालेली उत्तरे थेट पुनर्लेखनात कामी आली.

हक्कांचा विचार लिंक देण्यापूर्वीच करावा. कॉपीराइट अभिव्यक्तीला मिळतो, कल्पनेला मिळत नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेविषयीच्या करारातील नवव्या कलमात हे स्पष्ट नमूद आहे. ज्या पटकथेची सगळी ताकद एका ओळीत सांगता येणाऱ्या कल्पनेत आहे, ती म्हणूनच जाहीर करू नये. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे: वाचकाने लिहून दिलेला संवाद ही त्याची अभिव्यक्ती असते आणि तो जसाच्या तसा उचलला तर पुढे वाद उभा राहू शकतो. मी फॉर्मच्या वरच लिहून ठेवले आहे की कृपया अडचण सांगावी, नवा मजकूर लिहून देऊ नये. २०१० मध्ये अ‍ॅमेझॉन स्टुडिओज या चित्रपटनिर्मिती कंपनीने सुरुवातीला कोणालाही दुसऱ्याची पटकथा बदलून सादर करण्याची मुभा दिली होती आणि अनेक लेखकांनी तिच्यावर टीका केली; ती टीका मला रास्त वाटते. पिक्सार या अ‍ॅनिमेशनपट बनवणाऱ्या स्टुडिओमध्ये अनुभवी सहकारी दिग्दर्शकाला परखड सूचना देतात, पण त्या मानण्याचे बंधन त्याच्यावर नसते. जाहीर अभिप्रायाचे स्थानही तेवढेच असावे.

पहिला ड्राफ्ट मी यापुढेही कोणाला दाखवणार नाही, कारण त्या वेळी कथा कोणाची आहे हे लेखकालाही पुरते उमगलेले नसते आणि मोठ्याने बोलणारा वाचक ती सहज दुसरीकडे ओढून नेतो. शेवटचा ड्राफ्टही खुला करण्यात फारसा लाभ नाही. मधल्या टप्प्यावर मात्र पंधरा दिवसांची मुदत जाहीर करून लिंक द्यावी, मुदत संपली की ती बंद करावी, आणि ज्यांनी शेवटपर्यंत वाचून उत्तरे दिली त्यांना त्यांच्या उत्तरामुळे पटकथेत काय बदलले ते कळवावे. अशा वाचकांपैकी काहींनी पुढचा ड्राफ्ट स्वतःहून मागितला, आणि आता माझ्या नव्या पटकथेचे वाचन त्यांच्यापासूनच सुरू होते.